ज्याचा फोटो काढावासा वाटत नाही, ते आधी घ्या

बसमध्ये असाल, जिममध्ये असाल किंवा आईनं सांगितलेली भांडी घासत ऐकत असाल, तर स्वागत. आणि कुणी सायकल चालवता चालवता ऐकत असेल, तर त्यांनी आधी कानातलं काढा. एपिसोड कुठे पळून जात नाही, घरी जाऊन ऐका. जे हे वाचतायत त्यांच्यासाठी सांगतो, बोललो तसंच ठेवलंय. फक्त माझे 'अं' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत.

आजचा विषय खूप जणांनी मागितला होता. सायकलचं सामान, बाइकपॅकिंगचं सामान, काय घेऊ, कुठली बॅग घेऊ. मागच्या एपिसोडखाली निम्मे प्रश्न हेच होते. तर आज मी माझ्या खरेदीचा हिशोब तुमच्यासमोर मांडणार आहे. पूर्ण. लाज वाटते तोही भाग.

आधी शब्दाचं बघू. बाइकपॅकिंग म्हणजे सायकलवर सामान बांधून एक-दोन दिवस किंवा महिनाभर भटकणं. आपल्याकडे बाइक म्हटलं की मोटरसायकल. मी घरी फोनवर म्हटलं, "आई, मी बाइकपॅकिंगची बॅग घेतली." पलीकडे शांतता. मग आई म्हणाली, "गाडी घेतलीस? न विचारता?" तिला समजावेपर्यंत दहा मिनिटं गेली. आणि समजल्यावर तिचा पुढचा प्रश्न होता, "मग सायकलच्या पिशवीला सहा हजार?" त्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. आज प्रयत्न करतो.

आमचा एक ग्रुप आहे. नऊ जण. मी कॉम्प्युटरचं बीटेक केलंय, हिंजवडीत नोकरी करतो, राहतो वाकडला. ग्रुपमध्ये आयटीवाले पाच. एक फिजिओथेरपिस्ट ताई आहेत. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. माझ्या ऑफिसातला एक मित्र तर होताच. आणि सगळ्यात लहान एक मुलगा, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, पिंपरीत राहणारा. त्याला आम्ही ज्युनियर म्हणतो. नाव सांगत नाही, त्यानं तशी विनंती केलीय.

या ग्रुपवर दर शुक्रवारी एक कार्यक्रम असायचा. त्याला आम्ही 'खोकं' म्हणायचो. आठवड्यात ज्याच्याकडे जे पार्सल आलं असेल, त्याचा फोटो टाकायचा. आधी बंद खोकं, मग उघडलेलं, मग ती वस्तू सायकलवर लावून गॅलरीत संध्याकाळच्या उन्हात काढलेला फोटो. खाली बदाम, आग, "भावा कडक", "लिंक दे". मला सांगा, सोमवार ते शुक्रवार प्रॉडक्शनचे बग सोडवणाऱ्या माणसाला कुणी "भावा कडक" म्हणतं का? नाही म्हणत. तर ते ऐकायला बरं वाटायचं. आणि पुढच्या शुक्रवारसाठी मग काहीतरी लागायचं.

मी इंजिनिअर आहे, त्यामुळे माझ्याकडे एक्सेल आहे. अकरा महिन्यांत, सायकल सोडून, मी काय काय घेतलं ते वाचून दाखवतो. सीटखालची मोठी बॅग, ६,२०० रुपये. हँडलवर बांधायची गुंडाळी-बॅग, ५,४००. फ्रेमच्या त्रिकोणात बसणारी बॅग, ३,८००. तंबू, ९,५००. स्लीपिंग बॅग, ४,२००. गॅसची छोटी शेगडी आणि भांडी, ३,१००. जीपीएस कॉम्प्युटर, १७,०००. पेडलला अडकणारे बूट आणि पेडल, ७,२००. दोन जर्सी, ३,०००. आणि हवा भरायचं एक नळकांडं, त्यात कार्बन डायऑक्साइडची काडतुसं लावतात, ते काडतुसांसकट २,०००. बेरीज ६१,४०० रुपये. निम्मं ईएमआयवर.

आता हे सामान वाईट आहे असं मी म्हणत नाही. या बॅगा का जन्मल्या ते बघा. पूर्वी लांबच्या प्रवासाला सायकलला लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं कॅरिअर लावायचे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बॅगा. त्यांना पॅनिअर म्हणतात. ऑर्टलिब ही जर्मन कंपनी १९८२ पासून पाणी न शिरणाऱ्या बॅगा करतेय. रस्त्यावर हे उत्तम चालतं. पण अलास्कातल्या बर्फात, अमेरिकेतल्या दगडधोंड्यांच्या वाटांवर कॅरिअरचे बोल्ट तुटायचे, बाजूच्या बॅगा झुडपांत अडकायच्या. म्हणून लोकांनी कॅरिअर काढून टाकलं आणि मऊ बॅगा पट्ट्यांनी थेट सायकलच्या अंगाला बांधल्या. २००८ पासून टूर डिव्हाइड नावाची शर्यत होते. कॅनडातल्या बॅन्फपासून अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या अँटिलोप वेल्सपर्यंत, रॉकी पर्वताच्या बाजूनं, साधारण ४,४०० किलोमीटर, बहुतेक कच्चा रस्ता. बाहेरून आणलेली मदत चालत नाही, आपलं सामान आपण वाहायचं. तिथे या बॅगा शोभतात.

आणि मी कुठे जात होतो? गुहागरला. डांबरी रस्त्यानं.

आपल्याकडे सायकलवर सामान वाहायचं शास्त्र काही कमी नाही. दूधवाले दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून पिढ्यान्‌पिढ्या फिरले. मुंबईचे डबेवाले सायकलच्या दांड्याला डबे लटकवून गर्दीतून जातात. गोव्यात पोदेर पहाटे कॅरिअरवर पावाची टोपली घेऊन भोंगा वाजवत येतो. यातल्या कुणी गॅलरीत उन्हाची वाट बघत फोटो काढला नसेल.

असो. डिसेंबरमध्ये आमची चार दिवसांची सहल ठरली. पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव. दुसऱ्या दिवशी म्हसळा, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. तिसऱ्या दिवशी बागमांडल्याहून फेरीबोटीनं वेश्वीला, मग केळशी, आंजर्ले, हर्णै. चौथ्या दिवशी दाभोळहून पुन्हा बोटीनं धोपावेला आणि गुहागर. निघालो पाच जण. ज्युनियरला विचारलं होतं. तो म्हणाला, "परीक्षा आहे दादा." हे लक्षात ठेवा.

निघायच्या आदल्या रात्री मी सामान वजनकाट्यावर ठेवलं. ११.२ किलो. पाणी सोडून. मला त्या आकड्याचा अभिमान वाटला, हे कबूल करतो.

मुळशी मागे पडलं, जंगल सुरू झालं, थंडी मस्त होती. मग ताम्हिणीचा उतार. ज्यांनी बघितलाय त्यांना माहितीय, विळ्याकडे उतरताना वळणं अरुंद आहेत आणि समोरून गाड्या येतात. पहिल्या दोन वळणांना मागचा ब्रेक कुरकुरला. मी म्हटलं, धूळ असेल. तिसऱ्या वळणाआधी मी दोन्ही ब्रेक दाबले आणि लिव्हर हँडलला येऊन टेकले. मागून खर्रर्र असा पत्र्यावर पत्रा घासल्याचा आवाज. वेग थोडा कमी झाला, पण थांबायचं नाव नाही. आणि समोरून एसटी वर येत होती.

माझ्या सायकलवर तेव्हा जवळपास साठ हजारांचं सामान होतं. जीपीएस मला अचूक सांगत होता की माझा वेग ताशी ३८ किलोमीटर आहे. थांबवायला काही नव्हतं.

मी सायकल डावीकडे मातीत घातली. पाय खाली टेकवून घासत नेला, महागाच्या बुटाचा तळ त्यात गेला, आणि कठड्याच्या दगडाला चाक टेकून थांबलो. एसटी निघून गेली. ड्रायव्हरनं फक्त एकदा बघितलं. हात दहा मिनिटं थरथरत होते. काका मागून आले, काही न बोलता त्यांनी मोबाइलचा टॉर्च मागच्या ब्रेकच्या फटीत मारला. पॅड संपलेले होते. पॅडवरचा मसाला झिजून खालची धातूची पट्टी डिस्कवर घासत होती. पुढच्यात नखाएवढा उरला होता.

"किती किलोमीटर झाले सायकलचे?" काकांनी विचारलं.

"तीन हजार."

"मधे कधी बघितलेस?"

मी गप्प. अकरा महिन्यांत मी सायकलला दहा वस्तू चिकटवल्या, पण एकदाही चाक काढून ब्रेकमध्ये डोकावलो नव्हतो. पॅडची जोडी चार-पाचशे रुपयांना येते. तिचा फोटो कोण टाकणार? खाली "भावा कडक" कोण लिहिणार?

नशीब, ऑफिसातल्या मित्राकडे त्याच मापाची एक जादा जोडी होती. उतार होता म्हणून ती पुढच्या ब्रेकला घातली, कारण थांबवायचं जास्त काम पुढचा ब्रेक करतो. नवे पॅड लगेच धरत नाहीत. सपाटीवर थोडा वेग घ्यायचा, हळूहळू ब्रेक लावायचा, असं पंधरा-वीस वेळा करावं लागतं. ते केलं आणि उरलेला घाट मी चालण्याच्या वेगानं उतरलो. मागचे पॅड काकांच्या पुतण्यानं रात्री पुण्याहून एसटीनं माणगावला पाठवले, ते सकाळी मिळाले. उपकार.

तुम्हाला वाटेल, झाली अद्दल. नाही. दुसरा दिवस बाकी होता.

म्हसळ्याच्या अलीकडे मागचं चाक बसलं. मी मोठ्या थाटात नळकांडं काढलं. ट्यूब बदलली, काडतूस लावलं, फस्स, चार सेकंदांत टायर फुल्ल. सगळे बघत राहिले. तीनशे मीटरवर पुन्हा बसलं. कारण ज्या तारेनं पंक्चर झालं ती टायरमध्येच होती. ट्रकचे टायर फुटतात ना, त्यातल्या केसाएवढ्या तारा रस्त्यावर पडलेल्या असतात. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवायचं, हळू, कारण बोटाला टोचतं. ते मी केलं नव्हतं. दुसरं काडतूस मी गडबडीत अर्धं हवेत सोडलं. आता काडतुसं संपली. पंप? पंप नव्हता. पंप जड असतो, आणि नळकांडं भारी दिसतं.

सायकल ढकलत म्हसळ्यात एका पंक्चरच्या दुकानात गेलो. चाचांनी मोटरसायकल बाजूला केली, ट्यूबला ठिगळ झकास लावलं, तारही त्यांनीच शोधून काढली. मग कॉम्प्रेसरची नळी घेतली आणि व्हॉल्वकडे बघत राहिले. तर बघा, सायकलचे व्हॉल्व तीन प्रकारचे. आपल्या जुन्या काळ्या सायकलींचा एक. मोटरसायकल-कारचा जाड, त्याला श्रेडर म्हणतात. आणि माझ्यासारख्या सायकलींचा बारीक, प्रेस्टा. त्याच्या टोकाला एवढीशी चकती असते, ती सैल करून मग हवा भरायची. दुकानातली नळी त्याला बसत नाही. मधे पितळेचा एक अॅडॉप्टर लागतो, बोटाच्या पेराहून लहान.

चाचा म्हणाले, "एवढी महागाची सायकल, आणि हवा भरायला सोयच नाही?"

चाळीस मिनिटांनी काका आले. त्यांच्या पाकिटात, सुट्ट्या पैशांच्या कप्प्यात, तो अॅडॉप्टर होता. मी विचारलं, कितीचा? म्हणाले, "पन्नासच्या आत. पाच घेतले होते, चार लोकांना देऊन झाले."

काकांची सायकल स्टीलची, जुनी. मागे कॅरिअर. सामान प्लास्टिकच्या दोन जाड पिशव्यांत, वर रेनकोट, आणि सगळं जुन्या ट्यूब कापून केलेल्या रबरी पट्ट्यांनी बांधलेलं. त्या पट्ट्या ताणून बांधल्या की हलत नाहीत, फुकट मिळतात, आणि गरज पडली तर मोडलेला आरसा किंवा सुटलेला बूटही बांधता येतो. माझी सहा हजारांची सीटखालची बॅग मात्र प्रत्येक खड्ड्याला कुत्र्याच्या शेपटीसारखी हलत होती, कारण मी तिच्यात जड वस्तू मागे भरल्या होत्या. तिला टायरच्या वर भरपूर मोकळी जागा लागते. माझी फ्रेम लहान, त्यामुळे मोठ्या खड्ड्याला बॅग टायरला घासायची. हे विकत घेण्याआधी टेप लावून मोजायला एक मिनिट लागलं असतं.

आणि कोकणातले ते छोटे चढ! उंची फार नाही, पण भिंतीसारखे सरळ. खाडी आली की खाली उतरा, लगेच वर चढा. माझा सगळ्यात हलका गिअर पुढे ३४ दाते, मागे २८. रिकाम्या सायकलीला ठीक होता. अकरा किलो लादल्यावर मी केळशी ते हर्णै निम्मे चढ ढकलत चढलो. मागे ३४ दात्यांची कॅसेट लावली असती तर पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा झाला असता, हळू का होईना बसून चढलो असतो. कॅसेटचाही फोटो कुणी टाकत नाही.

गुहागरला पोचलो, समुद्र बघितला, मासे खाल्ले, सगळं छान झालं. घरी येऊन मी एक्सेलमध्ये नवा रकाना केला. किंमत भागिले वापरलेले किलोमीटर किंवा रात्री. तंबू: शून्य रात्री, कारण सगळीकडे घरगुती राहायची सोय होती आणि यजमान काकूंनी उकडीचे मोदक केले होते. स्लीपिंग बॅग: शून्य, किनाऱ्यावर रात्री पंखा लावून झोपलो. शेगडी: शून्य, दर पाच किलोमीटरला चहा आहे. शून्यानं भागलं की एक्सेल एरर दाखवतो. तीन ओळींत लाल एरर. या तिघांचं वजन ४.३ किलो. ते मी चार दिवस प्रत्येक चढावर ढकलत नेलं.

इथपर्यंत ही माझी फजिती आहे. हसा, चालेल. पुढचं सांगायला मला जरा जड जातं.

जानेवारीत मी ठरवलं, काही सामान विकून टाकू. ज्युनियरला म्हटलं, सीटखालची बॅग अर्ध्या किमतीत घे. तो संध्याकाळी क्लासवरून थेट माझ्याकडे आला. बॅग हातात घेतली, चेन उघडून बघितली, परत ठेवली. म्हणाला, "दादा, आत्ता नाही जमणार. मी हँडलची घेतली ना मागच्या महिन्यात. तुमच्यासारखीच." मी खाली जाऊन बघितलं. खरंच. हुबेहूब माझी, तोच रंग. चौपन्नशेची. डिलिव्हरीची कामं करून साठवलेले पैसे.

मग त्यानं मोबाइलमधली एक नोंद दाखवली. वर लिहिलं होतं, 'टूरला जायला लागणारं'. अकरा वस्तू. प्रत्येकीपुढे किंमत, आणि कंसात आमच्यापैकी कुणाच्या फोटोत ती दिसली त्याचं नाव. अकरापैकी सात पुढे माझं नाव. खाली बेरीज, ३८,६००.

मी म्हटलं, "डिसेंबरला परीक्षा होती ना तुझी?"

म्हणाला, "नव्हती. पण यातलं काहीच नव्हतं माझ्याकडे. म्हणजे तसं आलं असतं तर चाललं असतं का?"

मला काय बोलावं सुचेना. आम्ही कुणी त्याला कधी म्हटलं नव्हतं की हे घेतल्याशिवाय येऊ नकोस. म्हणायची गरजच नव्हती. अकरा महिने दर शुक्रवारी आम्ही फोटोंनी तेच सांगत होतो.

साडेआठला तो निघाला. मी गॅलरीतून बघत होतो. सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडून तो हायवेच्या सर्व्हिस रोडला लागला. पुढे नवी कोरी बॅग. आणि मागे लाइट नाही. साधा लाल लाइटसुद्धा नाही. त्या रस्त्यावर रात्री डंपर चालतात. दहा सेकंदांत तो अंधारात दिसेनासा झाला. मला गॅलरीतून दिसत नव्हता, मग डंपरवाल्याला काय दिसणार?

माझ्या सायकलला मागे लाइट आहे. सातशे रुपयांचा. पहिल्याच आठवड्यात घेतला होता. पण त्याचा फोटो मी कधी टाकला नाही. म्हणून तो त्याच्या यादीतच नव्हता.

मी त्याला फोन केला, थांबवलं, गाडीवर गेलो आणि माझा लाइट काढून त्याच्या सीटच्या दांड्याला लावला. तो म्हणाला, "दादा, एवढ्यासाठी आलात?" हो, एवढ्यासाठीच.

तर मंडळी, आजच्या एपिसोडचं सार एवढंच. ज्याचा फोटो काढावासा वाटत नाही, ते आधी घ्या. आता पटापट क्रम सांगतो, लिहून घ्या.

पहिलं, दिसणं आणि थांबणं. मागे लाल, पुढे पांढरा लाइट, हेल्मेट, अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट. ब्रेव्हे नावाचा लांब पल्ल्याचा प्रकार माहितीय ना, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत? तिथे रात्रीसाठी लाइट आणि चमकणारं जॅकेट सक्तीचं आहे. तुमची बॅग कुठल्या कंपनीची, हे तिथे कुणी विचारत नाही. मग ब्रेकचे पॅड. दर महिन्याला टॉर्च मारून बघा. मसाला एक मिलिमीटरच्या आसपास आला की बदला. घाटात जाणार असाल तर एक जोडी खिशात.

दुसरं, बसणं. पॅडवाली शॉर्ट घ्या, आणि तिच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नाही. हे कुणी सांगत नाही, मी सांगतो. शिलाई घासून दुसऱ्या दिवशी बसता येत नाही. सीटची उंची आणि रुंदी कुणा जाणकाराकडून बघून घ्या, त्याला पैसे लागलेच तर ते बॅगेआधी खर्च करा.

तिसरं, चालत राहणं. दोन जादा ट्यूब, ठिगळाचं सामान, टायर काढायच्या पट्ट्या, हातपंप, छोटा पान्यांचा संच आणि तो पितळेचा अॅडॉप्टर. आणि घरी बसून दोनदा चाक काढून-घालून बघा. सामान पिशवीत असून हात शिकलेले नसतील तर उपयोग नाही.

चौथं, गिअर आणि टायर. जिथे जाणार तिथला रस्ता बघून ठरवा. कोकणात हलका गिअर हवाच. टायर फ्रेममध्ये बसतील तेवढे जाड घ्या आणि हवा दगडासारखी टणक भरू नका, हात कमी दुखतात.

आणि पाचवं, शेवटी, बॅगा. पहिली सहल कॅरिअरवर पिशवी बांधून करा. जड सामान खाली आणि मधे, हलकं मागे. काय कमी पडलं ते परत आल्यावर लिहा. त्या यादीतलं घ्या. तंबू कुणाकडून तरी उसना मागा. नऊ जणांत माझ्या माहितीप्रमाणे चार तंबू आहेत आणि चारही घड्या न मोडलेले.

आमच्या ग्रुपचं काय झालं? मी खोक्यांबद्दल एक नियम सुचवला. वस्तू आली की फोटो टाकायचा नाही. तिच्यासोबत ५०० किलोमीटर झाले की टाकायचा, आणि तिचं काय वाईट निघालं तेही लिहायचं. भांडण झालं. एक जण म्हणाला, "आनंद वाटून घेऊ द्या की राव, तुझा ईएमआय आम्ही भरायचा का?" त्याचंही अगदी चूक नाही. दोघं ग्रुप सोडून गेले. सहा आठवडे ग्रुपवर चिडीचूप होती. मग काकांनी एक फोटो टाकला. रबरी पट्टी. खाली लिहिलं होतं, "सात वर्षे. दोष: काळी आहे, हात काळे होतात."

फेब्रुवारीत ज्युनियर आमच्याबरोबर पानशेतला एका रात्रीसाठी आला. ती हँडलची बॅग घेऊनच. ती त्याला मनापासून आवडते, आणि खरं सांगू का, चांगली आहे बॅग. मी काही बोललो नाही. फक्त निघताना सगळ्यांच्या सायकलींच्या मागे जाऊन लाइट तपासले. आता ते माझं काम झालंय.

मी सुधारलो असं समजू नका हं. काल रात्री साडेअकराला मी टायटॅनियमच्या मगाचं पान उघडून बसलो होतो. वजन ७० ग्रॅम. चहा तर टपरीवरच पितो मी. पान बंद केलं, पण विशलिस्टमध्ये ठेवलंय.

तुमचं गृहपाठ: उद्या सकाळी चाक फिरवा, ब्रेकच्या फटीत टॉर्च मारा, आणि काय दिसलं ते मला कळवा. आणि सोबत तुमची एक वस्तू सांगा, जी ५०० किलोमीटर टिकलीय आणि जिचा फोटो तुम्ही कधीच टाकला नाही. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातल्या काही वाचून दाखवीन.

चला, भेटू. डावीकडून चला, लाइट लावा, आणि उतारावर हळू.